आई काय खायची

डॉक्टरांकडे जाताना मी सगळं क्रमानं लावून नेलं होतं: रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, आई काय काय विसरते त्याची टिपणं. त्यांनी विचारलं, आजवर यांच्या जेवणात तेल-तूप कोणतं होतं? मी भावाकडे पाहिलं. घरच्या म्हशीचं तूप, भरपूर, असं त्यानं ठोकून दिलं.

दौंडच्या दवाखान्यातून शिरूरला माझ्या घरी येताना गाडीत आमची जुंपली. तो म्हणत होता, तुपानंच झालं असणार, मोबाइलवर सगळे तेच सांगतात. मी म्हणाले, दरवर्षी दिवाळीला वनस्पती तुपात तळायचो, त्याचं काय?

"दिवाळीच्या तळणानं डोकं जात असतं तर माझं कधीच गेलं असतं," तो म्हणाला.

"ते गेलंय. तुला कोणी सांगितलं नाही."

मागच्या सीटवर आई केडगावचं घर कधी येईल म्हणून विचारत होती. ते घर आता भावाचं. आईला मी माझ्याकडे आणून सहा महिने झाले होते. तिला उत्तर देता देता माझ्या लक्षात आलं, आईला तूप खाताना मी कधी पाहिलंच नव्हतं. तूप कढलं की पहिली धार आबांच्या भाकरीवर, मग भावाच्या भातावर. तळाशी राहिलेली बेरी साखर घालून माझ्या हातावर. आई सगळ्यांच्या मागून जेवायची, तेव्हा आम्ही अंगणात असायचो. भावाला विचारलं, तुला आठवतं का ती काय खायची? त्यानं आरशातून मागे आईकडे पाहिलं.

मी मात्र कामाला लागले. घाण्याचं करडईचं तेल आणलं, जवसाची चटणी कुटली, अक्रोड भिजत घातले. दोन महिन्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, यानं काही परत येईल का? ते हळू आवाजात म्हणाले, अशा खाण्याचा उपयोग झालाच तर आधीच्या वर्षानुवर्षांच्या सवयीचा होतो, आणि त्याचीही हमी कोणी देत नाही. गेलेलं तेलानं परत येत नाही. आता यांचं वजन उतरतंय, तेवढं बघा. तूप द्या, लोणी द्या, जे खातील ते द्या. पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालायची का, हे ठरवावं लागेल.

नळी नको. एवढं एकच मला ठरवता आलं.

पण तूप लावलेली भाकरी पुढे ठेवली की आई ती बाजूला सारायची. "बाई, हे आमच्या मालकान्ला ठिवा." मालक, म्हणजे आबा, जाऊन नऊ वर्षं झाली. मी सांगायचे, जेवले ते. तिचा विश्वास बसायचा नाही.

मग मला एक सुचलं. नवरा रांजणगावला कंपनीत, दुपारी घरात आम्ही दोघीच. मी तीन ताटांना आमटी फासली, भाताची शितं टाकली आणि ती खरकटी ताटं तिच्यासमोर मोरीत नेऊन ठेवली.

"समदी जेवली?" तिनं विचारलं.

"जेवली. आता तुम्ही बसा."

तिनं मोरीकडे निरखून पाहिलं. "आन् माझी पोरगी?"

"अगं, मीच ती."

परक्या बाईचं मन दुखवू नये तशी ती हसली. "तुमी न्हाई वो. ती शाळंतनं यायचीय. उपाशी आसंल."

पुढ्यातली भाकरी आणि तुपाची वाटी तिनं ताटाखाली झाकून ठेवली. मी मागच्या दारानं बाहेर गेले. घराला वळसा घालून पुढून आले, चपला मुद्दाम आपटून काढल्या आणि हाक मारली, "आई, आले गं."

"आली व्हय? किती उशीर," ती म्हणाली. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा तिनं मला ओळखलं होतं. तिनं भाकरी माझ्यापुढे सरकवली, वाटीतलं तूप निपटून तिच्यावर घातलं. "खा. समदं खा."

मी म्हणाले, तू पण घे. ती ऐकेना. मी जेवल्याशिवाय ती घास घेणार नव्हती, हे मला कळत होतं. म्हणून मी खाल्लं. ती माझ्या हाताकडे बघत बसली होती.

शेवटी भाकरीची एक करपलेली, कोरडी कड उरली. ती तिनं उचलली, पाण्यात बुडवली आणि तोंडात टाकली. वाटीच्या काठाला राहिलेलं तूप मी बोटानं तिच्या ओठांपाशी नेलं, तर तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.