मागाचे लाकूड आणि पोटातला व्रण

भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या वडिलांच्या जठरातला व्रण जंतुनाशक गोळ्यांनी बरा झाला.

वडील भंडाऱ्यात खड्डामागावर कोशाच्या रेशमाची लुगडी विणत. या मागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि विणलेले कापड ज्या लाकडावर गुंडाळले जाते, ते त्याच्या पोटाशी येते. तो पुढे झुकला की ते टेकते. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यात विणकराच्या पोटदुखीचे दुसरे कारण कोणी शोधत नसे. लाकूड लागले, एवढेच म्हणत. वडिलांनीही जुन्या गोधडीचा तुकडा त्या लाकडाला बांधून घेतला होता. उपाशीपोटी दुखायचे. आई पेज करून द्यायची, तेवढ्यापुरते थांबायचे. मग शौचाला काळे होऊ लागले आणि एका सकाळी खड्ड्यातून वर येताना त्यांना चक्कर आली.

त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे काका, बाजारात कापडाचे दुकान चालवत. माग मोडायचा आणि वडिलांनी दुकानात बसायचे, असे त्यांनी ठरवूनच टाकले.

"गादीवर पोटाले काही लागत नाही," ते म्हणाले. "बोलून बोलून तोंड दुखते, तेवढंच."

वडिलांनी वाद घातला नाही. मात्र आमच्या घरात चढवलेला ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे सूत, ज्याने विणायला घेतले त्यानेच संपवायचे अशी रीत होती. हात बदलला की आडवे सूत ठोकून बसवण्यातला फरक कापडात दिसतो. हा ताणा उतरेपर्यंत थांबा, एवढेच त्यांनी मागितले.

मी त्यांना नागपूरला पोटरोगाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांना भरती करून घेतले. दुर्बिणीने व्रण दिसला. जठरातून काढलेला टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा पिवळ्या द्रवात टाकला, तेव्हा द्रव गुलाबी झाला. डॉक्टरांनी सांगितले की जठरात जंतू आहेत, व्रण त्यांच्यामुळे झाला आहे आणि मागाचा त्याच्याशी संबंध नाही. दोन प्रकारच्या जंतुनाशक गोळ्या आणि आम्ल कमी करणारी एक, पंधरवडाभर, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. वडील त्या द्रवाकडे पाहत होते.

"रंग पक्का हाये का?" त्यांनी विचारले.

पुढच्या तपासणीत तो पिवळाच राहिला पाहिजे, असे डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत दुखणे थांबले. वडिलांनी गोळ्याही थांबवल्या आणि उरलेली पाकिटे कांड्यांच्या डब्यात टाकली. आडवे सूत नेणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या या कांड्यांवर सूत भरण्याचे काम आईचे. दुसऱ्याच सकाळी पाकिटे तिच्या हाती लागली. ती पाकिटे घेऊन मागाजवळ गेली.

"दुखनं तं गेलं. आता गोळ्या कायले?" वडील विणता विणता म्हणाले.

आई खड्ड्याच्या काठावर बसली. "ताना अर्धा झाला तं मागावरून कापून टाकता का जी?"

धोटा थांबला. वडिलांनी हात पुढे केला.

मी डॉक्टरांना फोन केला. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, पण राहिलेल्या सगळ्या संपवायच्या, असे त्यांनी सांगितले. तिथून पुढे प्रत्येक जेवणानंतर गोळ्या आईच्या हातूनच गेल्या आणि मगच वडील खड्ड्यात उतरले. मोठे काका येत तेव्हा म्हणत की आजकाल हा माग भावजयच चालवते. वडील ते नाकारत नसत. आईने काठावर बसून विचारलेला तो प्रश्न मी नंतर पुष्कळांना सांगितला. दर वेळी अभिमानानेच सांगितला.

औषध संपून काही आठवडे गेल्यावर नागपूरला पुन्हा तपासणी झाली. व्रण भरला होता. द्रव पिवळाच राहिला.

परत आल्यावर वडिलांनी लाकडाला बांधलेला गोधडीचा तुकडा सोडला आणि उरलेला ताणा विणून उतरवला. लुगडी काकांच्या दुकानात गेली. त्याच आठवड्यात वडिलांनी त्याच मागावर नवा ताणा चढवला.