थोरल्या जाऊबाईंचा सोमवार

शेजारून वालाच्या बिरड्याचा वास आला. वजनासाठी मी हल्ली दुपारपर्यंत काही खात नाही. त्या वासानं मला थेट कळंबच्या सासरी नेलं.

श्रावणी सोमवार होता. उपास थोरल्या जाऊबाईंचा, म्हणून वाल सोलायला मी आणि चुलीपाशीही मीच. कामाच्या नादात माझं दुपारचं जेवण राहिलं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी केळीचं पहिलं पान जाऊबाईंना मांडलं. "हिला आधी वाढ गं, दिसभर उपाशी हाय पोरगी." बिरडं वाढताना मी आतून नुसती जळत होते.

आता माझा उपास संपला की मोबाईलचा गजर वाजतो. मी उठते, एकटीच पान वाढून घेते. त्या मेल्या एका वाक्यासाठी जाऊबाईंचा मला अजून हेवा वाटतो.