शीतलचं ऑफिस आणि कापसाची खोली

सोमवारनंतर शीतल पुन्हा पुण्याला जाईल आणि तिची पाठ पुन्हा धरेल, हा घोर प्रभावतीच्या मनातून काही केल्या जात नव्हता. भाजी निवडताना, दूध तापवताना, शेजारणीशी बोलताना तो असायचाच, दाढेत अडकलेल्या पेरूच्या बीसारखा.

शीतल तिची थोरली लेक. जालन्याला बी.कॉम. झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. विमा काढलेल्या लोकांचे फोन घ्यायचे आणि कुठला कागद कुठे लागतो ते समजावून सांगायचं, हे तिचं काम. चार वर्षं ती रोज दीड तास बसमध्ये उभी राहून जायची, दिवसभर बसायची आणि दीड तास उभी राहून परत यायची. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिला कॉटवरून उठताच येईना. मणक्यातली गादी सरकली, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली, पण अट घातली की ग्राहकाला फोनवर घर ऐकू येता कामा नये.

गावी, कुंभार पिंपळगावात, घर ऐकू न येणं म्हणजे अवघडच. समोर पिठाची गिरणी, मागे शेळ्या आणि दिवसातून दोनदा भंगारवाल्याचा भोंगा. शीतलने सगळ्या घरात उभं राहून मैत्रिणीला फोन लावून पाहिला आणि शेवटी मागची पत्र्याची मोठी खोली पसंत केली. तिथे बद्रीनाथने, म्हणजे तिच्या वडिलांनी, भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेला होता. तीन भिंतींना लागून पार आढ्यापर्यंत. खिडकीपाशी तेवढी चार हातांची जागा मोकळी होती.

त्या चार हातांत शीतलने ऑफिस मांडलं. नवं टेबल घ्यायला हातात पैसे नव्हते, कारण दवाखान्यानेच सगळे नेले होते. तिने आईच्या लग्नातल्या शिलाई मशीनचं वरचं यंत्र उतरवलं आणि स्टँडवर जुन्या दाराची फळी टाकली. लॅपटॉप दोन पाटांवर चढवून डोळ्यांसमोर आणला, म्हणजे मान वाकायला नको. घनसावंगीच्या भंगारातून एक हातांची खुर्ची आणली. तिची पाठ फार सरळ होती, म्हणून प्रभावतीने घरचा कापूस पिंजून कमरेच्या मापाचा लोड शिवून दिला. मशीनचा पायटा मात्र शीतलने मुद्दाम ठेवला. फोनवर बोलताना तिचे पाय त्यावर हलत राहायचे आणि मुंग्या येत नसत. पायटा सावकाश चालला की गिऱ्हाईक गरीब आहे आणि धडधडा चालला की चिडलेलं आहे, हे प्रभावती स्वयंपाकघरातून ओळखायला शिकली.

तीन महिने बरे गेले. शीतल सरळ चालायला लागली, हसायला लागली. प्रभावतीची तक्रार एकच होती, की दारातून चहासाठी हाक मारली तर पोरीला ऐकू जात नाही, दोनदा ओरडावं लागतं.

मग संक्रांतीच्या सुमारास शीतलच्या हातांना खाज सुटली. पुरळ उठले. उघड्या कापसाच्या ढिगात बसून दुसरं काय होणार? प्रभावतीने बद्रीनाथच्या मागे टुमणं लावलं. भाव अजून वर जाईल, असं तो म्हणत होता. पोरीपेक्षा भाव मोठा आहे का, असं तिने विचारलं. चार दिवसांत गाडी येऊन कापूस जिनिंगच्या कारखान्यात गेला. प्रभावतीने खोली झाडली, भिंतींना चुना दिला, खिडकीला धुतलेला पडदा लावला. आता कुठे ऑफिसासारखं ऑफिस दिसायला लागलं.

त्याच आठवड्यात तिची धाकटी जाऊ उषाबाई शेतावरच्या वस्तीवरून आली. त्यांच्या घराचं स्लॅबचं काम निघालं होतं आणि कापूस ओसरीवर ताडपत्रीखाली पडला होता. तुमची खोली मोकळी झाली तर महिनाभर आमचा कापूस ठेवू द्या, असं तिने विचारलं. प्रभावतीने ते आता शीतलचं ऑफिस आहे, असं जरा तोऱ्यातच सांगितलं. उषाबाई चप्पल घालता घालता म्हणाली, "बराबर हाय बाई. हापिसात कापसाला कोण इचारतं."

पुढच्या मंगळवारी शीतल उतरलेल्या चेहऱ्याने जेवायला आली.

"आई, गिऱ्हाईकं आवाज घुमून राह्यला म्हणतेत. आडातून बोलल्यावानी. सोमवारी साहेब सोता फोन करून बघणार. बराबर न्हाई आला तर पुण्याला या म्हणले."

भिंतींना गोधड्या टांगून पाहिल्या. थोडा फरक पडला, पण पुरा नाही. इंटरनेटवाला येऊन वायर बदलून गेला. शीतलने मैत्रिणीकडून दुसरा हेडफोन मागून आणला, तरी तेच. शनिवारी तिने कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवली.

ती बॅग बघून प्रभावती खोलीच्या दारात आली आणि तिने चहासाठी हाक मारली. एकदाच. तिचाच आवाज पत्र्याला लागून तिच्याकडे परत आला. शीतलने लगेच मान वळवली.

प्रभावती तिथेच थांबली. तीन महिने या दारातून तिला दोनदा ओरडावं लागत होतं. हाक पोरीपर्यंत जात नव्हती, कारण मधला कापूस ती पिऊन टाकत होता.

तिने बद्रीनाथला सांगितलं. तो सुपारी कातरत होता.

"इकला न्हाई तवा बोलत व्हतीस," तो म्हणाला, "आता इकला म्हणून बोलून राह्यलीस."

"बोलत न्हाई. सांगून राह्यले."

मग त्याने हलकेच विचारलं, अंगदशी बोलू का? अंगद त्याचा धाकटा भाऊ, उषाबाईचा नवरा. दोघा भावांत ही गोष्ट दोन मिनिटांत मिटली असती. ट्रॅक्टर उद्याच आला असता. पण वस्तीवर उषाबाईने नवऱ्याकडून ऐकलं असतं, की मोठ्या बाईंना आता कापूस पाहिजे, फक्त त्यांनी स्वतः तोंड उघडलं नाही.

खाजेचा विचार तिने करून ठेवला होता. पेटीत सहा जुनी सुती लुगडी होती. ती एकाला एक जोडून ढिगावर अंथरली आणि कडा नीट खोचल्या की कापूस अंगाला लागणार नव्हता. घरच्या ढिगावरही तेव्हाच अंथरायला हवी होती. मशीन उतरवलेलं होतं, पण हाताने टाके घालायला रविवार पुरला असता.

खोलीत शीतल खुर्चीच्या पाठीचा लोड सोडवत होती, बॅगेत भरायला.

"राहू दे तो तिथंच," प्रभावती म्हणाली.

"काहून?"

"राहू दे म्हणले ना."

बाहेर येऊन तिने पदराने हात पुसले आणि ओट्यावरचा फोन घेतला. पहिलं वाक्य तिने मनात दोनदा जुळवलं आणि दोन्ही वेळा ते वाकडं झालं. शेवटी सरळच बोलायचं ठरवलं, की उषा, माझं चुकलं, तुझा कापूस आमच्या खोलीत आणून टाक. बद्रीनाथने अडकित्ता खाली ठेवला. प्रभावतीने उषाबाईचा नंबर काढला आणि लावला.