नवऱ्याची पुली

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्याच दिवशी मी गाडी काढून मिस्त्रीकडे गेले. नवऱ्याला जाऊन पंधरा दिवस झाले होते. शेजारणींना वाटलं असेल, हिला रडायचं सोडून गाडी सुचते. वाटू दे. मला इंजिनातली ती पुली काढून नालीत फेकायची होती. तिच्यापायी आमची शेवटची दोन वर्षं नासली, असं माझं ठाम मत होतं. ती गाडीत असेपर्यंत माझं मन शांत होणार नव्हतं.

पुली काय असते ते मला ह्यांच्यामुळेच कळलं. इंजिनाच्या टोकाला एक चाक असतं, त्यावर पट्टा, आणि त्या पट्ट्यावर पाण्याचा पंप, बॅटरी चार्ज करणारा डायनामो, एसी असं सगळं फिरतं. ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून ठरवलं की कंपनीचं चाक काढायचं आणि त्याहून लहान, ॲल्युमिनियमचं बसवायचं. सायकलचं पुढचं चक्र लहान केलं की मागचं हळू फिरतं ना, तसं. एसी अन् पंप हळू फिरणार, इंजिनावरचा भार कमी होणार, वाचलेली ताकद गाडी पळवायला मिळणार. सरकारी ऑफिसात फायली सरकवणाऱ्या माणसाला इतक्या जोरात कुठं जायचं होतं कोण जाणे!

पार्सल आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. हे पुली तळहातावर तोलत माझ्यासमोर येऊन बसले.

"पाह्य वं, किती हलकी आहे!"

"हलकी त तुमची अक्कल बी आहे," मी म्हणाले.

हे हसले. काहीही बोला, हा माणूस हसायचा. माझ्यासारख्या तापट बाईला त्याचाच जास्त राग यायचा.

आम्ही दोघं रोज त्याच गाडीने निघायचो. मला अल्लीपूरच्या शाळेत सोडून हे पुढं हिंगणघाटला जायचे. पुली बसवली तो हिवाळा होता. "कशी उचलून राह्यली गाडी, पाह्य!" असं हे रोज म्हणायचे. मला तर काडीचा फरक जाणवला नाही, आणि खरं सांगू का, त्यांनाही जाणवला नसावा. मग उन्हाळा लागला. मोकळ्या रस्त्यावर एसी ठीक चालायचा, पण गर्दीत गाडी हळू झाली की नुसती कोमट फुंकर. संध्याकाळी दिवे मिणमिणायचे. मी आख्खा उन्हाळा कटकट केली. "माणसाले शिजवून इंजिनाले आराम देता का?" आणि हे आपले हसून काच खाली करायचे.

त्यात माझं वयही तसलं. त्याच वर्षी अंगातून वाफा निघायला लागल्या. बसल्या बसल्या कानशिलं तापायची, पाठ घामाने ओली व्हायची. मी कुणाला बोलले नाही. ह्यांना तर नाहीच. असलं काही बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

पुढच्या वर्षी एप्रिल महिन्यात सिंदीला एक लग्न होतं. भर दुपारी रेल्वे फाटकापाशी अडकलो. मालगाडी संपता संपेना. नवी पैठणी, गळ्यात हार, आणि माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी सुरू झाले.

"आग लागो त्या पुलीले! काढा म्हणून किती दिवस सांगून राह्यली मी!"

"अवं, काढली ना ते. होळीच्या वक्तालेच काढली," हे म्हणाले. आणि हसले. एसीच्या मधल्या दोन्ही जाळ्या त्यांनी माझ्याकडे वळवल्या.

"काढली? मंग मी काऊन भाजून राह्यली? किती खोटं बोलता हो तुम्ही! बायको मेली तरी चालन तुमाले, मशीन जगली पाह्यजे!"

मी दार आपटून उतरले आणि मंडपापर्यंत पायी गेले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एसटीने शाळेत जायला लागले. हे रोज सकाळी चावी हातात घेऊन विचारायचे, "चालतं का?" मी म्हणायचे, "पुली काढा, मंग येतो." पहिले काही दिवस ते "काढली ना वं" म्हणाले. नंतर तेही म्हणेनासे झाले, नुसतं "चालतं का?" एवढंच. दोन वर्षं मी उभ्याने एसटीत धक्के खाल्ले, आणि हे रिकाम्या सीटशेजारी बसून हिंगणघाटला गेले. हिवाळ्यातल्या एका सकाळी दाढी करता करता मोरीपाशीच बसले, ते उठलेच नाहीत.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. हे नेहमी ह्याच्याकडेच यायचे. त्याने आत टॉर्च मारला आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं.

"मॅडम, हे त कंपनीचंच चाक आहे. मधात रबराची रिंग दिसते का जी? त्या लहान पुलीत रबर नव्हतं. इंजिन थरथरे त्याच्यानं."

"कधी बदललं?"

"लय दिवस झाले जी. मागच्या नाई, त्याच्या मागच्या होळीले. मी त पह्यलेच सांगतलं होतं, शर्यतीच्या गाडीले ठीक आहे हे, आपल्या वर्ध्याच्या उन्हात काय कामाचं? तवा ऐकलं नाई. मंग सोताच आले. म्हणे, घरी तिले आजकाल गरमी सहन होत नाई, बोलत नाई ते, पण मले दिसते."

मी बॉनेटची कड धरली. होळी. सिंदीचं लग्न त्यानंतरचं. म्हणजे फाटकापाशी एसी चांगला गार चालला होता. पेटलेली मी होते, आणि खोटारडा मी त्यांना म्हटलं.

"नंतर भांडणाचं सांगतलं त्याइनं, तवा मी म्हटलं बी त्याइले," मिस्त्री सांगत होता, "ते लहान पुली घरी घेऊन जा, मॅडमले दाखवा, भांडण मिटन. त नाई म्हणे. म्हणे, माह्या बोलण्यावर भरोसा नाई, त ते चाक दाखवून काय करू?"

हे सांगताना ते हसले होते का, ते मला विचारायचं होतं. पण दोन वर्षांच्या सगळ्या सकाळी डोळ्यांसमोर आल्या, चावी हातात घेऊन दारात उभा राहिलेला तो माणूस आणि पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागलेली मी. मी पदर तोंडावर दाबला आणि तिथंच गॅरेजमध्ये, टायरच्या ढिगाजवळ, हमसून हमसून रडले. पंधरा दिवसांत अशी रडले नव्हते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "लय चुकलं."

मिस्त्रीला वाटलं, मी गाडीबद्दलच बोलते. त्याने बॉनेट हळूच खाली घेतलं.

"काई नाई चुकलं जी," तो म्हणाला. "गाडी एकदम चांगली आहे."