रामदासपेठेतला स्लॅब आणि माझ्या तोंडातली सुपारी

परवा रामदासपेठेत दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला… आणि दिवस मावळायच्या आत टाकला. आमची टोळी फुटली म्हणत फिरणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन वर बघून यावं.

मी त्या टोळीची मुकादमीण. शाळा दुसरीपर्यंत, पण बायांकडून काम घेणं मला कोणी शिकवायची गरज नाही, असं माझं मत. आवाज मोठा ठेवायचा, झालं.

स्लॅबचं काम असं की खाली मिक्सर फिरतो, वर गवंडी उभे, आणि मधल्या उतरत्या परांचीवर आम्ही बाया. घमेलं हातातून हातात वर जातं. मध्ये थांबायची सोय नाही… थांबलं की सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं.

दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या वेळी परांचीच्या वळणावर शांताच्या हातून भरलेलं घमेलं सुटलं. वर कौसल्या उभी होती. घमेल्याची कड आणि फळी यांच्यात सापडून तिच्या हाताच्या अंगठ्याचं नखच गेलं.

तेव्हापासून कौसल्या शांताच्या हातून घमेलं घेईना. शांतानं ते फळीवर ठेवायचं, मग हिनं उचलायचं. तेवढ्यात खाली सगळी रांग भरलेली घमेली धरून ताटकळायची.

शांता सावनेरकडची, कौसल्या इथल्या वस्तीतली. बघता बघता टोळीचे दोन भाग झाले. जेवायलासुद्धा दोन घोळके, एकमेकींकडे पाठ करून.

ठेकेदार स्कूटरवरून न उतरताच बोलला, "दोघीतली एक काढ. नाही तं तिसऱ्या मजल्याले दुसरी टोळी आणतो." एकीला काढलं की तिच्या बाजूच्या सगळ्या चालत्या होणार. म्हणजे टोळी दोन्हीकडून गेलीच… आणि सगळ्यांच्या चुली तिच्यावर.

आमचे इंजिनियर साहेब तरुण आहेत. ते म्हणाले, "मावशी, सगळ्यांना एकत्र बसवा आणि बोलू द्या. फक्त तुम्ही मध्ये बोलू नका." मी मनात म्हटलं, हे काय काम आहे का? पण दुसरा इलाज नव्हता.

मध्ये बोलायचं नाही म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. मी एक आख्खी सुपारी गालात धरली आणि दुपारी सगळ्यांना रेतीच्या ढिगावर गोल बसवलं. पहिल्यांदा सगळ्या नुसत्या रेतीत रेघोट्या ओढत बसल्या. मला तर उठून एकेकीला हलवावंसं वाटत होतं… सुपारी दाताखाली दाबून बसले.

शेवटी कौसल्याच फुटली. "हिनं मुद्दाम सोडलं."

"मुद्दाम?" शांता उसळली. "खालून घमेलं डोक्याच्या वर उचलते मी. डोयात माल गळते, डोये मिटाच लागते. तुहे हात आले का नाही, मले काय दिसते वं?"

"मंग विचाराचं नाही का? तोंड काय घरी ठेवून येतं?"

"अन् तू काहून सांगत नाही? तुले तं वरून सारं दिसते!"

दोन्हीकडच्या बाया हसल्या. कौसल्या नाही हसली. तिनं अंगठ्यावरची चिंधी घट्ट केली. मग म्हणाली, "बरं. मी 'घेतलं' म्हणन. मी म्हणल्याबिगर सोडू नको."

"नाही सोडत."

झालं. एवढंच. एवढ्यासाठी आम्ही एकमेकींना पाठी दाखवत होतो!

दुसऱ्या दिवशी रिकाम्या घमेल्यांची तालीम घेतली. सगळ्याच म्हणाल्या, आम्हीपण 'घेतलं' म्हणू. खालून वरपर्यंत 'घेतलं, घेतलं' आणि मध्ये नुसता हशा. ठेकेदार फाटकातून ओरडला, "नाटक करून राहिल्या काय बायांनो?" मी काही बोलले नाही… सुपारी होती.

परवा सकाळी मिलच्या भोंग्याबरोबर मिक्सर सुरू झाला. वळणावर पुन्हा त्याच दोघी… मी ठेवल्या नाहीत, आपणहून उभ्या राहिल्या. फळीवर एकही घमेलं टेकलं नाही.

दुपार कलली आणि कौसल्याचा आवाज बसला. दिवसभर ओरडून घशातून नुसती हवा. शांता खाली घमेलं उचलून उभी, डोळे मिटलेले, वरून शब्द नाही… मी पुढे सरसावले. सुपारी थुंकून ओरडणारच होते.

तेवढ्यात कौसल्यानं घमेलं दोन्ही हातांनी धरलं आणि मनगट आपटून घमेल्याच्या लोखंडावर पितळी बांगडी वाजवली. टण्ण.

शांतानं सोडलं. डोळे न उघडता सोडलं.

त्यानंतर वळणावर शेवटपर्यंत बांगडीच वाजत राहिली. शेवटचं घमेलं वर गेलं तेव्हा भिंतींवर अजून ऊन होतं. गवंडी थापी हलवत ओरडत होते. ठेकेदारानं बुंदी वाटली आणि साहेबांच्या देखत म्हणाला, "चौथा मजला तुमचाच." या वेळी तो स्कूटरवरून उतरला होता.

बुंदी खायला एकच घोळका बसला. शांतानं आपल्या पानातली मूठभर कौसल्याच्या पानात टाकली. कौसल्यानं आवाज नसताना ओठ हलवले… "घेतलं."

साहेबांचे उपकार मानते. चौथ्या मजल्यासाठी नवी सुपारी पदराच्या गाठीला आत्ताच बांधून ठेवली आहे.