भिंतीबाहेरचा नळ

आमच्या घरचा सगळ्यात महत्त्वाचा नळ घराबाहेर होता. बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंपाउंडच्या भिंतीला भोक पाडून तो रस्त्याकडे तोंड करून बसवला होता. बोअर आमचा, मोटर आमची, विजेचं बिल आमचं आणि तोटी जगाची. आई म्हणाली, "निदान एक कुलूप तरी लावा," की बाबूजी महाडच्या तळ्याची गोष्ट काढायचे. ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांनी तिथं डोकी फोडून घेतली आणि तू कुलपाच्या गोष्टी करतेस? आई पदर खोचून आत जायची. महाड निघालं की आमच्या घरातला वाद तिथंच संपायचा.

बाबूजी पोलाद कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून त्यांनी आधीच भिलाईच्या कडेला, हथखोजच्या बाजूला, प्लॉट घेऊन घर बांधलं. तेव्हा तिथं धानाची शेतं होती, एक तलाव होता आणि मोजकी घरं होती. कोणाला हा मोकळेपणा आवडला असता, बाबूजींना तो खुपायचा. परक्या मुलखात आपली चारच माणसं असली तर कुत्रंही विचारत नाही, गल्ली भरली की नगरसेवक चहाला येतो, हे त्यांचं गणित. गावी, भंडाऱ्याकडे, लग्नाला गेलो की ते मांडवात बसून निमंत्रणं वाटायचे. "या ना बापा भिलाईले. जागा हाय, काम हाय, पानी तर माह्या घरचं हाय." माणसं वाढली की वस्तीला जोर येतो, हे त्यांचं लाडकं वाक्य होतं.

माणसं आली. सगळ्यात आधी काका आले. सख्खे नव्हेत, बाबूजींच्या गावचे, पण सख्ख्याहून सख्खे. हथखोजच्या एका कारखान्यात लागले आणि बायकामुलांसकट आमच्याकडे उतरले. माझी खोली त्यांना गेली आणि मी आईशेजारी चटईवर. शेजारचा प्लॉट त्यांना बाबूजींनीच बघून दिला. घराचं काम निघालं तेव्हा आमच्या बोअरची नळी भिंतीवरून पलीकडे गेली, ती घर पुरं होईपर्यंत परत आली नाही. काकांच्या घरातली वीट न् वीट आमच्या पाण्यात भिजलेली आहे. हे मी रागानं सांगत नाही. बरं, रागानंच सांगते.

पुढं काकांचे मुलगे मोठे झाले, लग्नं झाली, वर मजला चढला. मग आणखी एक चढला, आणि मागच्या अंगणात किरायाच्या खोल्या निघाल्या. खोल्यांत कामगार आले, मागून त्यांच्या बायका आल्या, मागून लेकरं. हे एकट्या काकांकडे नव्हे, गल्लीभर चाललं होतं. आधी तलावात कुठल्याशा पाडकामाचा मलबा पडला, मग मुरूम, मग एक दिवस त्यावर चुन्याच्या रेघा दिसल्या आणि प्लॉट विकले गेले. जो तो आपापल्या अंगणात बोअर मारून घेत होता. बाबूजी मात्र खूश. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, आमच्या नळावर सरबताचे ड्रम भरले जात, आणि गर्दी बघून ते आईला म्हणायचे, "पाह्य, किती झालो आपण."

मी शाळेत शिकवते. लोकसंख्येचा धडा आला की पोरं दरवर्षी तेच पोस्टर काढतात, पृथ्वीचा गोळा आणि त्यावर माणसांचा ढीग. एकदा मी वर्गाला विचारलं, "इसमें से फालतू कौन है?" सगळे हसले आणि प्रत्येकानं बाजूच्याकडे बोट दाखवलं. मोठेही काही वेगळं करत नाहीत. वाढलेली माणसं म्हणजे नेहमी दुसऱ्याची माणसं. बाबूजींनी कधी कोणाकडे बोट दाखवलं नाही, याचा मला अभिमान होता.

मग एका उन्हाळ्यात नळ खोकायला लागला. आधी हवा, मग गढूळ चिळकांडी, मग थोडं पाणी. बाबूजींनी विहारात गल्लीची बैठक बोलावली. म्हणाले, जमिनीखाली पाणी एकच आहे, वरून आपण सगळे नळ्या लावून पिऊन राहिलो. आता कोणी नवा बोअर मारायचा नाही, आहे तो खोल करायचा नाही. सगळे मिळून अर्ज करू, नगर निगमकडून पाण्याची लाइन आणू, तोवर आहे ते वाटून घेऊ. बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून बोलणं झालं. सगळ्यात आधी हात वर केला तो काकांनी. "भाऊ, तुमी म्हनान तसं," असंही म्हणाले. बाबूजींच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच त्या उन्हाळ्यात भरपूर होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही गावी लग्नाला गेलो. काकांना घराची चावी देऊन गेलो, नेहमीसारखी. परत आलो तर गल्लीत रिक्षा शिरेना, कारण बोअरची गाडी उभी होती. काकांच्या अंगणात, आमच्या भिंतीला अगदी खेटून, मशीन घरघरत होती. खडकाचा पांढरा भुगा आमच्या दारावर, अंगणात, दोरीवर राहिलेल्या आईच्या लुगड्यावर आणि भिंतीबाहेरच्या नळावर बसला होता. काकांच्या मोठ्या मुलानं आम्हाला पाहिलं आणि मोबाइल कानाला लावून तो मागं वळला. आमच्या हातात गावाहून त्यांच्यासाठी आणलेली लाखोळीच्या डाळीची पिशवी होती.

"भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी," आई म्हणाली. ही म्हण एरवी आमच्या घरात कोणी वापरत नाही. आमच्या ओसरीवर कोणता भट येऊन बसणार होता? हे आपलेच होते, म्हणून तर मला जास्त लागलं. परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या घालून जेवले असते.

त्यांचा बोअर आमच्यापेक्षा कितीतरी खोल गेला आणि काही दिवसांतच आमचा कोरडा पडला. बाबूजी दोन बाल्ट्या घेऊन काकांच्या फाटकात गेले. मागं मी होते, त्यांनी म्हातारपणी भरलेली बाल्टी उचलू नये म्हणून.

"तुमाले नाही म्हनीन का भाऊ?" काका म्हणाले. "रोज दोन बाल्ट्या नेत जा. पन नळी नका लावू. किरायेदार बोंबलते."

"तू हात वर केला होता," बाबूजी म्हणाले.

काकांनी खिशातून किल्ली काढली. त्यांच्या टाकीखालच्या नळाला कुलूप होतं. ते उघडताना म्हणाले, "काय करू मंग? मानसं वाढले ना भाऊ."

बाबूजींचंच लाडकं वाक्य, अर्धं तोडून परत केलेलं. वस्तीच्या जोराचं काका काही बोलले नाहीत. मला त्यांच्या अंगावर बाल्टी ओतावीशी वाटली, पण ती रिकामी होती. बाबूजींनी दोन्ही बाल्ट्या तशाच उचलल्या आणि घरी आले. त्यानंतर आम्ही टँकरचं पाणी घेत राहिलो.

पुढच्या वर्षी नगर निगमची लाइन खरंच आली. प्लंबर पाइप घेऊन आमच्या दाराशी उभा राहिला. त्यानं भिंतीबाहेरची जुनी, गंजलेली तोटी पाहिली आणि विचारलं, "बाबूजी, नल बाहर लगेगा या अंदर?"

"अंदर," बाबूजी म्हणाले. "और ये छेद बंद कर देना।"

आयुष्यभर कुलूप मागणारी माझी आई दारात उभी होती. तीच म्हणाली, "एक तोटी बाहेर राहू द्या ना."

"कावून?" बाबूजी म्हणाले. "कोनासाठी?"

आई पदर खोचून आत गेली. मी महाडची गोष्ट काढणार होते, पण ती मला त्यांनीच सांगितली होती, त्यांना कशी सांगू? प्लंबरनं सिमेंट कालवलं आणि भोक बुजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडची एक किरायेदारीण कडेवर लेकरू आणि हातात हंडा घेऊन आमच्या भिंतीपाशी आली. लाइन आली, तर हा नळही सुरू झाला असेल, असं तिला वाटलं असणार. तिनं ओल्या सिमेंटवर बोट लावून पाहिलं. बाबूजी ओसरीवर पेपर वाचत होते. तिला त्यांनी पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांनी पेपर वर धरला आणि ती जाईपर्यंत खाली केला नाही.