व्हाळ आटू न देणारी आत्ती

आत्ती सरळ चालतच न्हवती. आत्ती म्हंजे माझी सासू. जरा पुढं गेली की वाकायची, बोटभर रोप मुळासकट उपटायची, दगडावर उलटं टाकायची, मंग पुढं. मला बघाय आमच्याकडं खानापूरच्या बाजूला आली तवा बी घरात पाय टाकायच्या आधी न्हाणीच्या सांडपाण्याकडं वाकली. माझ्या आईला वाटलं बाईचं कानातलं पडलं, ती बॅटरी आणाय पळाली. आत्ती म्हणाली, "काय पडलं न्हाई वो बाय, हे तुमच्या दारात उठलंय तेवढं काढते." लगीन ठरायच्या आधीच आमचं दार साफ केलं तिनं.

ते रोप आकेशाचं. फॉरेस्टनं डोंगरभर लावलंय ते झाड. बारकं असताना पान चिंचंवानी, मोठं झालं की कोयत्यावानी वाकडं. आत्ती म्हणायची, "बघ, चिंच हाय म्हणून सांगतंय लबाड." आमचं घर कुंभारवाड्याच्या पल्याड रानात, शेजारी हाकंला बी येत न्हाई एवढा लांब, आन् घरामागं व्हाळ, म्हंजे ओढा. मी लगीन होऊन आले तवा व्हाळाच्या काठाला ह्या झाडांची नुसती भिंत, तीच पाणी पिऊन टाकायची, आन् व्हाळ शिमग्याच्या आतच आटायचा. मंग खाली नदीला जायचं, अस्वलाच्या वाटेनं, डोक्यावर घागर, आन् पोटात बाळी. मला त्या वाटेची लई भीती, अजून हाय.

आमचे हे फोंड्याला कंपनीत. जाताना म्हणाले, "व्हाळ पुरता आटला की हितं कशाला ऱ्हायाचं, तिकडं खोली बघतो, नळ हाय." ते मी मनात धरून बसले. आटला की सुटले. आन् आत्ती उठल्या उठल्या रोपं उपटाय जायची ती व्हाळ आटू नये म्हणूनच.

एकदा मी चिडून म्हटलं, "ही झाडं हितं आणली तरी कुणी?" आत्ती खाली बसली, पानाला चुना लावला, म्हणाली, "मीच की." तरणी असताना ती फॉरेस्टच्या कामाला जायची, पिशवीतली रोपं लावाय. उरलेली तिनं व्हाळाला लावली, जळण हुईल म्हणून. तेवढ्यावर भागलं असतं. पर आमच्याकडं पेरणीच्या आधी तरवा भाजतात, फांद्या आन् पाला रचून जाळायचा आन् त्या राखंत भात पेरायचं. आत्तीनं आकेशाच्या फांद्या रचल्या, वाळक्या शेंगांसकट. त्या झाडाचं बी जाळलं की मरत न्हाई, उलट फुटतंय, हे कुणाला ठावं. पाऊस पडला तसं भाताबरोबर आकेशा उठला, आन् तरव्यातलं पाणी व्हाळात गेलं, त्याच्यासंगं बी गेलं. "लोकं भात पेरतात, मी रान पेरलं," म्हणायची आन् हसायची, पर हसताना माझ्याकडं बघायची न्हाई.

आमच्या बाजूच्या मोठ्या झाडांची साल तिनं बुंध्याला गोल सोलली, ती उभीच वाळली. मंग व्हाळाच्या पल्याड गेली, ते रान फॉरेस्टचं. गार्ड आला. मला वाटलं, हिला धरून नेलं तर मी एकटी, पोर अंगावर पिणारं, बस दिवसातनं एकदा, कुणाला सांगायचं. गार्ड म्हणाला, "अज्जी, ते सरकारचं झाड हाय, हात लावू नका." आत्ती म्हणाली, "आन् तेची पोरं माझ्या दारात येत्यात, ती कुणाची?" तो हसला. "पोरं तुमची. काढा किती काढायची ती." म्हंजे झालं काय, पल्याड मोठी झाडं तशीच उभी, दर पावसाला बी हिकडं येणार, आन् आम्ही दर पावसाला उपटणार. मला दावणीला बांधल्यागत झालं.

बाळीला पाठीला बांधून मी बी जायची. माती मऊ असती तवाच सगळं मूळ येतं, हिसडा दिला की तुटतं. "आधी हलीव," आत्ती शिकवायची, "तेला वाटू दे तू मया करतीयास, मंग काढ." पायाला जळवा लागल्या की मी रडायची. ती मीठ लावून जळू सोडवायची आन् म्हणायची, "रड की, पर हात चालू दे." हळूहळू पाणी शिमग्याच्या पुढं गेलं, मंग पाडव्याच्या पुढं. घागर भरताना मला बरं बी वाटायचं, नदीची वाट टळली म्हणून, आन् फोंड्याची खोली लांब गेली असं बी वाटायचं.

मंग एका थंडीत तिला दम लागला. जीपनं रामनगरच्या दवाखान्यात नेली, परत आणली, पर अंथरुणातनं उठली न्हाई. एका दुपारी माझा हात धरला, तळवा बघितला, चिखलानं भेगाळलेला. म्हणाली, "पोरी, तुला जायाचं हाय ते मला ठावं हाय. मी गेले की एक पावसाळा काय उपटू नको. आटंल आपोआप. मंग माझा ल्योक न्हेईल तुला तिकडं. मी काय बघाय येत न्हाई."

मी म्हटलं, "गप पडा आत्ती."

ती गेली. पाऊस आला. लई दिवस मी व्हाळाकडं फिरकलेच न्हाई, दार लावून बसायची. मंग एकदा पाऊस उघडला, बाळी निजली, आन् मी गेले. कशाला गेले सांगता येत न्हाई. म्हातारी उपटू नको म्हणून सांगून गेली हुती आन् मी उपटत हुते, तिला शिव्या देत, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी बी गेले.

यंदा वैशाखात हेंच्याशी फोनवर बोलाय मी वरच्या खडकावर चढले, तिथंच रेंज येती. हे म्हणाले, "काय गं, आटला का व्हाळ?"

खाली पाणी दिसत हुतं. बारीक, पर वाहत हुतं. आटला म्हटलं असतं तर कोण बघाय येणार हुतं.

"न्हाई," म्हटलं मी. "हाय पाणी."

"मंग बरं हाय," हे म्हणाले. "ऱ्हा मंग तिथंच."